अनुभवाची उलटतपासणी

१९८२ मध्ये मुंबईत एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. प्राचीन ज्ञान आणि आधुनिक विज्ञान हा तिचा विषय होता आणि इंटरनॅशनल ट्रान्सपर्सनल असोसिएशनने ती भरवली होती. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्जॉफ काप्रा, तमिळनाडूत आश्रम चालवणारे ख्रिस्ती संन्यासी बीड ग्रिफिथ्स, गणेशपुरीचे स्वामी मुक्तानंद अशी परस्परांपासून दूरची माणसे तिथे एकत्र आली. परिषदेमागे होते स्टॅनिस्लाव ग्रोफ, प्रागमध्ये वैद्यक शिकलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले मनोविकारतज्ज्ञ. माणसाच्या 'मी'पलीकडे जाणाऱ्या अनुभवांचा अभ्यास करू पाहणारे ट्रान्सपर्सनल मानसशास्त्र जन्मले कॅलिफोर्नियात. पण त्याच्या घडणीत ज्या भारतीय ठिकाणांचा वाटा आहे, त्यांतली लोणावळा, गणेशपुरी, पुणे आणि इगतपुरी ही चार मुंबईपासून साधारण दीडशे किलोमीटरच्या आतच येतात. म्हणून या चळवळीचा हिशेब मांडणे हे मराठी माणसाचेही काम आहे. अध्यात्माने मन आणि शरीर सुधारते, हा तिचा मूळ दावा. तिचा इतिहास पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा दावा जिथे कुणाच्या तरी तपासणीला सामोरा गेला तिथे तो टिकला आणि आजारी माणसांच्या उपयोगी पडला. जिथे अनुभव हाच अनुभवाचा पुरावा मानला गेला तिथे माणसे दुखावली गेली. तपासणी म्हणजे प्रयोगशाळाच असे मी म्हणत नाही. 'नाही' म्हणण्याचा अधिकार असलेले दुसरे कुणीतरी समोर हवे, एवढेच.

या विचाराची सुरुवात एडिंबरोत होते. विल्यम जेम्स यांनी १९०१ आणि १९०२ मध्ये तिथे धार्मिक अनुभवावर वीस व्याख्याने दिली आणि १९०२ मध्येच ती ग्रंथरूपाने आली. जेम्स वैद्यकाचे पदवीधर. हार्वर्डमध्ये आधी शरीरक्रियाशास्त्र शिकवून मग मानसशास्त्राकडे वळलेले. संतांची दर्शने म्हणजे मेंदूचे झटके किंवा पोटाचे विकार, असा निकाल देऊन मोकळे होणाऱ्या डॉक्टरांशी त्यांचे भांडण होते. अनुभव कुठल्या अवयवातून उगवला यावर त्याची किंमत ठरत नाही. त्यानंतर माणूस जगला कसा, यावर ठरते, असे ते म्हणत. या ग्रंथात एका फ्रेंच माणसाची हकिकत येते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात खोलीत शिरताना त्याला एकाएकी धास्ती भरते. वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेला, गुडघे हनुवटीशी घेऊन दिवसभर बाकावर बसून राहणारा, हिरवट कातडीचा एक तरुण त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. उद्या आपलीही हीच गत होऊ शकते, या जाणिवेने तो पुढे कित्येक महिने अंधारात एकटा जायला धजत नाही. हा फ्रेंच माणूस म्हणजे आपणच, हे जेम्स यांनी नंतर आपल्या फ्रेंच अनुवादकाला कळवले. मन कोसळणे म्हणजे काय हे स्वतः भोगलेल्या माणसाने फळांची कसोटी घालून दिली, हे मला महत्त्वाचे वाटते. कारण फळे शेजाऱ्यांना आणि घरच्यांना दिसतात; ती ठरवणे अनुभव घेणाऱ्याच्या एकट्याच्या हाती राहत नाही.

जेम्स यांचा हा ग्रंथ पुढे एका वेगळ्याच माणसाच्या हाती पडला. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये बिल विल्सन नावाचा दारूत बुडालेला शेअर बाजारातला माणूस उपचार घेत होता. एका रात्री त्याची खोली प्रकाशाने भरून गेली आणि त्याला विलक्षण शांती वाटली. त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की डॉक्टर सिल्कवर्थ यांना विचारले, मला वेड लागले आहे का? डॉक्टरांनी त्याची नीट चौकशी केली आणि सांगितले, वेड नाही. जे मिळाले आहे ते धरून ठेव. त्यानंतर त्याने जेम्स वाचला आणि १९३५ मध्ये अ‍ॅक्रन गावी एका दारुड्या शल्यविशारदाच्या साथीने अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू केली. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९६१ च्या सुरुवातीला विल्सनला पत्र लिहून दारूची ओढ ही मुळात पूर्णत्वाची तहान आहे, असे आपले मत कळवले होते. या संघटनेत अध्यात्म आहे, पण गुरू नाही. फी नाही, नाव जाहीर होत नाही, आणि आपण सुधारलो असे सांगणाऱ्याला तोंड द्यावे लागते ते थापा ओळखणाऱ्या, त्याच वाटेने गेलेल्या लोकांना. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ही पद्धत, नीट आखून राबवल्यास, इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरली. अध्यात्मावर उभ्या असलेल्या उपचाराला मिळालेला इतका भक्कम पुरावा दुर्मीळ आहे.

युंग यांनी १९३२ मध्ये झुरिचला कुंडलिनीवर व्याख्याने दिली होती. चक्रांकडे ते मनाच्या वाढीची प्रतीके म्हणून पाहत आणि युरोपियनांनी ही साधना जशीच्या तशी उचलू नये, असे बजावत. तीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी तो इशारा फारसा मनावर घेतला नाही. १९६२ मध्ये बिग सरच्या समुद्रकड्यावर, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या जागी, मायकेल मर्फी आणि डिक प्राइस यांनी इसालेन ही संस्था काढली. मर्फी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून आलेले. प्राइस यांची वाट वेगळी होती. विशीत त्यांना एक तीव्र मानसिक अनुभव आला, इस्पितळात दाखल केले गेले आणि इन्शुलिनचे व विजेचे झटके देण्यात आले. त्या इस्पितळात मिळाले नाही ते इतरांना देणारी जागा त्यांना उभारायची होती. चळवळीच्या या भावनिक उगमाकडे तिचे टीकाकार सहसा लक्ष देत नाहीत. १९५० च्या दशकातल्या मनोरुग्णालयांत रुग्णाला जे सोसावे लागे ते पाहता, आम्हाला काय दिसले ते आधी ऐकून तरी घ्या, ही मागणी पूर्णपणे रास्त होती.

या मागणीला शास्त्राचे रूप देण्याचे काम मानसशास्त्रज्ञ अँथनी सूटिच आणि अब्राहम मॅस्लो यांनी केले. सूटिच यांना बाराव्या वर्षी बेसबॉल खेळताना दुखापत झाली, त्यातून संधिवात बळावला आणि अठराव्या वर्षापासून मरेपर्यंत ते चाकांच्या स्ट्रेचरवर पडून होते. शुश्रूषेला येणाऱ्या परिचारिका आपली दुःखे त्यांच्याजवळ बोलू लागल्या आणि त्यातून ते समुपदेशक झाले. आडवे पडूनच त्यांनी रुग्ण तपासले आणि आधी मानवतावादी मानसशास्त्राचे व मग १९६९ मध्ये ट्रान्सपर्सनल मानसशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. शरीर अजिबात सुधारत नसताना मन समृद्ध राहू शकते, याचे हे जिवंत उदाहरण होते. अध्यात्माने रोग पळतो, असे त्या शरीराकडे पाहून कुणालाही म्हणता आले नसते. मॅस्लो यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिटेरियन चर्चमधल्या व्याख्यानात या नव्या प्रवाहाची घोषणा केली. मनोविश्लेषण आणि वर्तनवाद हे आजारी किंवा यांत्रिक माणसापुरते थांबतात, मानवतावाद व्यक्तीच्या फुलण्यापाशी थांबतो, आणि आता त्याच्याही पुढे पाहायला हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणखी तीन वर्षांनी, १९७० मध्ये, त्यांचे निधन झाले.

या सगळ्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी लोणावळ्यात जे घडले त्याला या इतिहासात पहिला मान द्यायला हवा, असे मला वाटते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. नर्मदाकाठच्या मालसरचे माधवदासजी हे त्यांचे गुरू आणि बडोद्याचे माणिकराव हे व्यायामातले शिक्षक. बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरण यंत्रापुढे उड्डियान आणि नौली या योगक्रिया करवून पोटातले अवयव कसे हलतात, याची चित्रे त्यांनी घेतली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी भरला. बस्तीत पाणी आपोआप वर कसे ओढले जाते, याचा उलगडा त्या आकड्याने झाला आणि त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. गुरुभक्ती आणि दाबमापक यांच्यात त्यांना कुठलेही वैर दिसले नाही. याहून मोलाचे पुढे घडले. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, हे तेव्हाही सगळीकडे सांगितले जात होते आणि आजही सांगितले जाते. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले आणि तो समज त्यांना आधारहीन आढळला. योगाचे आश्रमवासी प्रचारक असूनही त्यांनी ते छापले. प्राणायामाचे मोल दुसरीकडे, मज्जासंस्थेवर आणि शरीरातल्या दाबांवर होणाऱ्या परिणामांत शोधावे लागेल, असे ते सांगत राहिले. मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी योगोपचाराचे केंद्र उघडले ते याच पायावर.

योग्यांच्या हृदय थांबवण्याच्या कथेचीही अशीच तपासणी झाली. थेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ १९३५ मध्ये यंत्र घेऊन भारतात आल्या होत्या आणि एका योग्याने हृदयाचे काम जवळजवळ बंद केले, असे त्यांच्या आलेखावरून मानले गेले. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक भारतभर फिरले. त्यांच्या प्रवासात लोणावळाही होते. त्यांनी आणि दिल्लीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आनंद यांनी अधिक चांगल्या साधनांनी तेच पुन्हा तपासले. श्वास कोंडून, छातीतला दाब वाढवून योगी नाडी आणि हृदयाचे ठोके ऐकू येईनासे करू शकत होते. स्टेथोस्कोप लावणाऱ्याला हृदय थांबले असेच वाटे. पण विद्युत आलेखावर ठोके चालूच होते. १९६१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. चमत्कार गेला, पण स्वतःच्या शरीरावरचा एक खरा, शिकता येणारा ताबा नोंदला गेला, आणि रुग्णाला उपयोग त्याचाच होणार होता.

आता गणेशपुरी. मुक्तानंदांनी आपल्या आत्मचरित्रात १९४७ सालची हकिकत सांगितली आहे. १५ ऑगस्टला गुरू नित्यानंदांकडून दीक्षा मिळाल्यावर ते खानदेशाच्या बाजूला सुकी गावी एका झोपडीत साधनेला बसले. तिथे अंग आपोआप हलू लागले, भयानक दृश्ये दिसू लागली, सगळीकडे आग लागल्यासारखे वाटू लागले. आपल्याला वेड लागले, अशी त्यांची खात्री झाली आणि ते तिथून निघूनही गेले. पुढे एका कपाटात त्यांना एक पुस्तक सापडले. त्यात कुंडलिनी जागृत झाल्यावर असेच घडते, असे लिहिले होते. ते वाचून त्यांची भीती गेली. न्यूयॉर्कच्या इस्पितळातला विल्सन आणि सुकीच्या झोपडीतले मुक्तानंद यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती, पण दोघांचाही पहिला प्रश्न एकच होता, आणि दोघांनाही बाहेरून उत्तर मिळाल्यावर स्वास्थ्य लाभले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे वर्णन आहे त्यात शरीर आतून जाळले-शोषले जाते आणि मग नवे होते. ज्या परंपरेत अशा अवस्थेचा नकाशा आधीच लिहून ठेवलेला असतो, तिथे त्या अवस्थेत सापडलेला माणूस एकटा पडत नाही.

ग्रोफ यांच्या पत्नी क्रिस्टिना यांच्याजवळ असा नकाशा नव्हता. प्रसूतीच्या वेळी श्वासाचे तंत्र वापरत असताना त्यांच्या शरीरात प्रचंड कंप आणि प्रकाश उसळला. डॉक्टरांनी मॉर्फिन देऊन तो दाबला. पुढे मुक्तानंदांची भेट झाल्यावर आपल्याला काय झाले होते, हे सांगणारी भाषा त्यांना मिळाली. १९८० मध्ये त्यांनी आध्यात्मिक संकटात सापडलेल्यांना मदतीचा पत्ता देणारे एक जाळे उभे केले. मनाची घडी मोडते तेव्हा दर वेळी ती स्किझोफ्रेनियाचीच सुरुवात असते असे नाही. काही वेळा ते एक संक्रमण असते आणि नीट सांभाळ झाला तर माणूस त्यातून अधिक सशक्त बाहेर पडतो, अशी त्या दोघांची मांडणी होती. हीच कल्पना डेव्हिड लुकॉफ, फ्रान्सिस लू आणि रॉबर्ट टर्नर यांनी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेपुढे पुराव्यानिशी ठेवली. लुकॉफ यांनी स्वतः १९७१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, आपण बुद्ध आणि ख्रिस्त यांचा अवतार आहोत, असे मानण्याचा काळ अनुभवला होता आणि नंतर त्याबद्दल उघडपणे लिहिले होते. या संघटनेच्या निदानसंहितेच्या १९९४ मध्ये निघालेल्या चौथ्या आवृत्तीत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी नोंद आली, आणि ती आजार म्हणून नव्हे, तर लक्ष देण्याजोगी अवस्था म्हणून. श्रद्धा ढासळणे, धर्मांतरानंतरची घालमेल, ध्यानातून उद्भवलेली अस्वस्थता यांना रोगाचे लेबल न लावता मदत करण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. ट्रान्सपर्सनल मानसशास्त्राची सर्वांत टिकाऊ कमाई मला हीच वाटते. लक्षात घ्यायचे ते असे की, ती मिळाली ती टीकाकारांच्या समितीपुढे उभे राहून, वाद घालून, नोंदीचा मजकूर त्यांच्या मान्यतेनुसार करून घेऊन.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. मुंबईच्या परिषदेनंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९८२ मध्ये, मुक्तानंदांचे निधन झाले आणि १९८३ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने त्यांच्यावर शिष्यांच्या लैंगिक शोषणाचे गंभीर आरोप छापले. ज्या संस्थेत गुरूला प्रश्न विचारणे हीच साधनेतली अडचण मानली जाते, तिथे अशा तक्रारीची चौकशी करणार कोण? पुण्यात कोरेगाव पार्कमधल्या रजनीशांच्या आश्रमात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातून आलेल्या पद्धतींचे 'एन्काउंटर' गट चालत. दडपलेला राग बाहेर काढण्याच्या नावाखाली तिथे मारहाण होई. इसालेनचे संस्थापक डिक प्राइस तिथे येऊन गेले आणि त्या हिंसेबद्दलची नापसंती त्यांनी जाहीर पत्राने कळवली. १९७९ च्या सुरुवातीला आश्रमाने ती थांबवली. जखमी होणाऱ्याला 'हा तुझा अहंकार दुखतो आहे' असे सांगता येते, तेव्हा त्याच्या दुखण्याला साक्षीदार उरत नाही. चळवळीतले विचारवंत केन विल्बर यांनी याच सुमारास आपल्याच लोकांना बजावले होते की, 'मी' घडण्याआधीची बालिश अवस्था आणि 'मी'पलीकडची प्रगल्भ अवस्था वरवर सारख्या दिसतात आणि त्यांची गल्लत फार महाग पडते. क्रिस्टिना ग्रोफ यांनाही या काळात दारूचे व्यसन जडले होते. ते स्वतः कबूल करून, उपचार घेऊन त्या सावरल्या आणि त्यावर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. त्यांच्या सगळ्या कार्यात मला याचे मोल अधिक वाटते.

मग हे सगळे टाकूनच का देऊ नये? मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९८० च्या दशकात अगदी असेच म्हटले होते: अतींद्रियाच्या नादी लागणारा उपचार अंधश्रद्धा आणि धर्मांधता पोसतो. रोलो मे यांच्यासारख्या मान्यवरानेही विरोध केला आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये स्वतंत्र विभाग मिळवण्याचे प्रयत्न फसले. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात हा आक्षेप हलका समजता येणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना जे सोसावे लागते त्यासाठी इथे २०१३ मध्ये कायदा करावा लागला. तरीही सरसकट नकार पुराव्यापुढे टिकत नाही, हे तमिळनाडूतल्या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते. ६ ऑगस्ट २००१ रोजी एरवाडीला दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी आश्रयगृहात आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या मनोविकारतज्ज्ञ रघुराम आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याच राज्यातल्या मुथुस्वामींच्या मंदिरात येऊन राहिलेल्या ३१ गंभीर रुग्णांची लक्षणे त्यांनी आल्यावर आणि जाताना मोजली. औषधे नव्हती, काही खास विधीही नव्हते. काही आठवड्यांत लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली होती. सोबत घरचे माणूस राहायचे, रोजची सोपी कामे असायची, कुणी हिणवत नव्हते. दोन्ही ठिकाणी श्रद्धा होतीच. एका ठिकाणी नातेवाईक रुग्णाला सोडून गेले आणि दार बंद झाले, दुसऱ्या ठिकाणी नातेवाईक पायरीवर बसून पाहत होते. रुग्णाच्या जिवाचा फैसला या फरकाने केला.

आपल्याकडचा आणखी एक दाखला या प्रश्नाला वेगळी कड देतो. मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टान्स यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास केला. मानसिक आजार असलेल्या माणसाला घेऊन कुटुंबे तिथे राहायला येत. त्यांना आढळले ते असे की, अंगात येत असे ते बहुतेक वेळा आजारी माणसाच्या नव्हे, तर त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या. आपल्या माणसाचे दुखणे आपल्या अंगावर घ्यावे, म्हणजे तो सुटेल, ही त्या बायकांची धारणा. ट्रान्सपर्सनल पुस्तकांत ही बाई कुठेच भेटत नाही, कारण त्यांत अनुभव घेणारा, बरा होणारा आणि मोठा होणारा माणूस एकच असतो. घरातले एक माणूस सुधारावे म्हणून दुसरे झिजत असेल, तर उपचाराच्या हिशेबात ती झीज धरायलाच हवी. बाहेरचा निरीक्षक तिथे गेला नसता तर ती कुठेही नोंदली गेली नसती.

या इतिहासातले सर्वांत समंजस उत्तर मला रंगूनमध्ये सापडते. सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते असह्य मायग्रेनने गांजून. ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि विपश्यना शिकवत. डोकेदुखी घालवण्यासाठीच येणार असशील तर येऊ नकोस, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मनाच्या शुद्धीसाठी ये. दुखणे गेले तर ते त्यातलाच एक भाग म्हणून जाईल. रुग्णाला परत पाठवण्याची ही तयारी आजच्या शिबिरांच्या बाजारात कुठे दिसत नाही. गोयंकांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले, त्यात १४ जण होते आणि त्यांत त्यांची आजारी आई आणि वडीलही होते. १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र चालू झाले. बोधगयेच्या त्यांच्या शिबिरांत बसलेल्या अमेरिकन तरुणांपैकी डॅनियल गोलमन यांनी ध्यानावरचे आपले सुरुवातीचे लेख ट्रान्सपर्सनल नियतकालिकातच लिहिले. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या इस्पितळात जुनाट वेदनेच्या रुग्णांना ध्यान शिकवायला सुरुवात केली आणि पहिल्यापासून निकाल नोंदवले. ध्यानाचा अपायही होतो, हे आता २०१७ च्या लिंडाल आणि ब्रिटन यांच्या अभ्यासाने सविस्तर पुढे आणले आहे: अनेक अनुभवी साधकांनी भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्याची भावना सांगितली. विपश्यनेच्या अर्जात मानसिक आजाराचा इतिहास आणि औषधे विचारली जातात ती अशा अपायाच्या शक्यतेमुळेच, आणि तो रकाना खरा भरणे साधकाचे कर्तव्य आहे.

साधकांचा आक्षेप असा असेल की, मोजमाप लावले की पवित्र असे काही उरत नाही. कुवलयानंदांचे आयुष्य या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे. १९६६ मध्ये देह ठेवेपर्यंत ते प्रयोगही करत होते आणि साधनाही. मॅस्लो यांनी तर मृत्यूच्या वर्षी आपल्याच पुस्तकाला नवी प्रस्तावना लिहून इशारा दिला की, शिखरावरच्या अनुभवांच्या मागे धावणारा माणूस स्वार्थी आणि इतरांबद्दल निष्ठुर होऊ शकतो. दुसरा आक्षेप अधिक कळवळ्याचा आहे: दुःखात असलेल्याला बरे वाटले, मग पुरावा कशाला मागता? बरे वाटणे मोलाचे आहे आणि ते कुणी हिसकावू नये. पण बरे वाटते म्हणून औषध सोडलेल्या माणसाचा आजार उलटला, तर त्या दिवशी शिबिर संपलेले असते आणि निस्तरायला घरचे असतात. अ‍ॅग्न्यूज इस्पितळात इसालेनच्या प्रेरणेने स्किझोफ्रेनियाच्या तरुण रुग्णांवर एक प्रयोग झाला होता. काही तरुण औषधाविना अधिक चांगले राहिले, असे १९७८ मध्ये छापून आले. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांनी मात्र बहुसंख्य रुग्णांत औषध चालू ठेवल्याने आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे दाखवले आहे. आशादायक अपवाद खरा असला, तरी आपण तोच अपवाद आहोत, हे एकट्याने ठरवायचे नसते.

म्हणून ध्यानाला, योगाला किंवा एखाद्या देवस्थानी जाऊ पाहणाऱ्या आणि आपल्या माणसाला तिथे नेऊ पाहणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे. जरूर जा. जाण्याआधी विचारा की, इथे एखाद्याचे बिघडले तर पुढे काय करता, डॉक्टर कोण आहेत, घरच्यांना भेटू देता का, आणि तक्रार करायची तर कुणाकडे. चालू औषधे तुमच्या मनोविकारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, आणि तुम्हाला तिथे काय जाणवले ते त्यांना न लाजता सांगा. या प्रश्नांवर जिथे कपाळाला आठी पडेल, तिथून आपल्या माणसाला घेऊन परत या.